दोन साडू आणि एक मंगळ

माझ्या मेहुणीच्या पत्रिकेत मंगळ मी बसवला. आकाशातला मंगळ आपला जिथल्या तिथे होता, त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती. मी जळगावात, आमच्या घरी, लुंगी नेसून खुर्चीवर बसलो होतो आणि एक बटण दाबलं. तेवढ्यानं चाळीसगावातल्या एका चांगल्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडायची वेळ आली. (कोणतं बटण ते पुढे येईलच.)

आता पहिल्यापासून सांगतो. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत जळगावात मी कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. तेव्हा लोक कॉम्प्युटरला देवाइतकं आणि सापाइतकं, दोन्ही एकदम घाबरायचे. खोलीत चपला बाहेर काढून यायचे आणि बटणाला हात लावायच्या आधी माझ्याकडे बघायचे. खरं सांगायचं तर मीही तितकाच घाबरायचो, पण फी घेतलेली असल्यामुळे मला तसं दाखवता येत नव्हतं. डॉसचा तो काळा पडदा, त्याच्यावर एक अक्षर आणि पुढे लुकलुकणारी रेघ! शाळेतले मास्तर हातात छडी घेऊन "बोल, आता काय चुकणार आहेस?" असं विचारताहेत असंच मला वाटायचं. एक स्वल्पविराम चुकला तर शिवी दिल्यासारखं इंग्रजीतून उत्तर यायचं.

मग विंडोज आलं. चित्रं आली, उंदीर आला, आणि माझे साडू भास्करराव विंडोजच्या बाजूने गेले.

भास्करराव म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धुळ्यात त्यांचाही क्लास होता. माझ्यापेक्षा चार बोटं उंच, आवाज भरदार, आणि सासरी माझ्याआधी आलेले असल्यामुळे पहिली पोळी नेहमी त्यांच्या ताटात. त्यांनी विंडोज घेतलं म्हटल्यावर मला विंडोज घेणं शक्यच नव्हतं. साडू झालेल्या कोणत्याही माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. त्यामुळे मी ओएस टू नावाची दुसरी सिस्टिम घेतली.

"हे काय असतं?" माझी बायको सुमन म्हणाली.

"विंडोजपेक्षा भारी. पुढचा जमाना याचाच आहे."

"कोण म्हणालं?"

"मासिकात आलंय."

"आणि भास्करभाऊजी?"

"त्यांनी ते मासिक वाचलेलं नाही!"

ते ओएस टू फ्लॉप्यांच्या एका मोठ्या चळतीत आलं. एक घाला, एक काढा, दुसरी घाला, आणि मधलीच एखादी रुसली की पुन्हा पहिलीपासून सुरुवात. शिवाय ते सतत प्रश्न विचारायचं. डिस्कचे भाग करू का? हे पुसू का? ते ठेवू का? छापायचं मशीन कोणतं? देश कोणता? प्रत्येक प्रश्नाला मी घाबरायचो, कारण एक चुकीचं उत्तर दिलं की आतलं सगळं साफ होतं असं मी ऐकलं होतं. (ऐकलं कशाला, माझ्या हातून एकदा झालंही होतं!) म्हणून मी एक युक्ती काढली. मशीननं स्वतः जे उत्तर आधीच निवडून ठेवलेलं असेल ते वाचायचं नाही, डोळे मिटायचे, गणपतीचं नाव घ्यायचं आणि एंटर दाबायचं.

मशीन सुरू झालं. मी पेढे वाटले.

त्यानंतर आम्ही दोघे साडू कुठेही भेटलो, बारसं असो की दहावं, तरी वादाला तोंड फुटायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन गावांच्या बाया नदीच्या दोन काठांवरून एकमेकींचा उद्धार करतात, तसं आमचं चालायचं. ते म्हणायचे, "तुमचं ओएस टू अख्ख्या खानदेशात तुमच्याशिवाय कुणाकडे आहे का?" मी म्हणायचो, "तुमचं विंडोज वरून रंगवलेलं आहे हो, आत खरवडलं तर डॉसच निघतं!" बाकीची मंडळी आमच्याकडे न बघता श्रीखंड खात बसायची.

हे सगळं चालून गेलं असतं, पण मध्ये नाना आले.

नाना म्हणजे आमचे सासरे. चाळीसगावात त्यांचं बियाण्याचं दुकान होतं. कमी बोलायचे, आणि भुवया अशा की त्या वर गेल्या की गिऱ्हाईक आपणहून माफी मागायचं. मला त्यांची फार भीती वाटायची. लग्नाला सहा वर्षं झाली तरी त्यांच्यासमोर माझ्या तोंडून शब्द नीट फुटत नव्हता. त्यांची एक सवय होती. कपाशीचं नवं बी आलं की ते दोन वेगवेगळ्या माणसांना दाखवायचे आणि एकाला दुसऱ्याबद्दल सांगायचे नाहीत. दोघांचं मत जुळलं तरच माल दुकानात.

त्या वर्षी त्यांच्या धाकट्या मुलीचं, वंदनाचं, पाचोऱ्याच्या एका घरी जमत आलं होतं. मुलगा कॉलेजात नोकरीला होता. मुलगी बघून झाली होती, दोन्हीकडून पसंती होती, राहिली होती फक्त पत्रिका. मुलाचे वडील म्हणाले होते, "हातानं केलेली नको. हातची पत्रिका माणूस पाहून बदलते. कॉम्प्युटरची द्या, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही." नानांच्या घरी मुलींच्या पत्रिका काढून ठेवायची पद्धत नव्हती, आणि त्यांचे गुरुजी अधिक महिना म्हणून चारधामला निघून गेले होते. मग नानांनी बियाण्याचीच रीत लावली. वंदनाची जन्मतारीख आणि वेळ मला जळगावला कळवली आणि भास्कररावांना धुळ्याला. एकाला दुसऱ्याचं सांगितलं नाही.

पत्रिका काढायचा प्रोग्राम आमच्या दोघांकडे एकच होता, डॉससाठी कुणीतरी बनवलेला. (तो मी त्यांच्याकडून घेतला की त्यांनी माझ्याकडून, हा वाद अजून मिटलेला नाही.) मी तारीख टाकली, प्रिंटर करकरला, कागद बाहेर आला. मी तो न वाचताच घडी करून ठेवला. वाचायचा कशाला? ओएस टूनं काढलेली पत्रिका होती!

धोंड्याचा महिना असल्यामुळे नानांनी दोन्ही जावयांना जेवायला बोलावलं. चांदीचं ताट, खापरावरची पुरणपोळी, आमरस, वाणाचे अनारसे, सगळं यथासांग. मी दुसऱ्या पोळीवर असताना नाना म्हणाले, "कागद आना व्हता ना?"

मी खिशात हात घातला. आणि माझ्या शेजारी भास्कररावांनीही खिशात हात घातला!

आम्ही एकमेकांकडे बघितलं. माझ्या हातातला अनारसा आमरसात पडला.

नानांनी चष्मा लावून दोन्ही कागद वाचले. एकदा वाचले. पुन्हा वाचले. त्यांच्या भुवया हळूहळू वर जायला लागल्या तसा मी खाली जायला लागलो.

"भास्करराव, तुम्हना कागद म्हनस मंगय नही."

"नाहीच आहे नाना," भास्करराव म्हणाले.

"जवाईबापू, तुम्हना म्हनस कडक मंगय शे."

स्वयंपाकघरात काहीतरी भांडं पडल्याचा आवाज झाला. सासूबाई, म्हणजे अक्का, दारात येऊन उभ्या राहिल्या.

"पोर एक, टाईम एक, गाव एक," नाना म्हणाले. "मंग कुंडल्या दोन कश्या व्हयन्यात?"

मी घाबरलो होतो म्हणून नको ते बोललो. म्हणालो, "नाना, विंडोज हलकं आहे हो. त्याला सगळे ग्रह पेलत नाहीत. एखादा सुटून जातो."

"सुटून जातो?" भास्करराव पाटावरून उठले. "अहो, तुमच्या त्या ओएस टूला गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून ते दिसेल त्या ग्रहाला आत घेतं!"

"चूप!" नाना म्हणाले. एवढंच म्हणाले, पण जिन्यावरचं मांजर उठून गेलं. "आईतवारले पाचोराना लोके कागद लेवाले यी राह्यनात. तुम्ही दोन्ही जन आपापलं मशीन आठे आना. मन्हा समोर काढा. मी देखस."

हात धुवायला मागे गेलो तर तिथे वंदना उभी होती. तिला तो मुलगा मनापासून आवडला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिनं डोळे पुसले आणि अगदी हळू विचारलं, "भाऊजी, मशीन एकदा बंद करून परत चालू केलं तर मंगळ जाईल का हो?"

एरवी मी क्लासात प्रत्येक दुखण्यावर हेच औषध सांगायचो. पण त्या दिवशी मला हसू आलं नाही. मला खरंच वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. माझं ओएस टू खरं ठरलं तर या मुलीचं लग्न मोडणार. खोटं ठरलं तर मी नानांच्या घरात पुन्हा तोंड दाखवू शकणार नव्हतो. जळगावला परत येईपर्यंत मी देवाला एकच गोष्ट मागत होतो, पण नक्की काय मागायचं ते ठरत नव्हतं.

रविवारी सकाळी मी मशीन गोधडीत गुंडाळलं आणि पॅसेंजरमध्ये खिडकीजवळ बसलो. पडदा सुमनच्या मांडीवर, मशीनचा डबा माझ्या मांडीवर. गाडीला धक्का बसला की मी डब्याला मिठी मारायचो. समोरचे एक आबा बराच वेळ गोधडीकडे बघत होते.

"काय शे भाऊ त्यामा?"

"कॉम्प्युटर."

आबा जरा मागे सरकले. "जित्ता शे का?"

पाचोऱ्याला आबा उतरले आणि त्यांच्या जागी दोन जण येऊन बसले. एक टोपीवाले वयस्कर गृहस्थ आणि एक चष्म्याचा तरुण. गृहस्थ बोलके होते. "एवढं जपून काय नेताय?" असं त्यांनी विचारलं आणि मला बांधच फुटला. आठवडाभर मी हे कुणाजवळ बोललो नव्हतो. मी त्यांना सगळं सांगितलं. चाळीसगावची मेहुणी, माझ्या मशीनचा मंगळ, साडूच्या मशीनचा नसलेला मंगळ, आणि आज मुलाकडचे लोक येणार. सुमन मला पायानं ढोसत होती. मी पाय बाजूला घेतला.

"मुलाकडच्यांना हे माहीत आहे का?" गृहस्थांनी विचारलं.

"छे हो! त्यांना कळलं तर संपलंच!"

"हं," गृहस्थ म्हणाले. तरुण खिडकीबाहेर बघू लागला.

"मुलाचे वडील म्हणे फार चिकित्सक आहेत," मी पुढे म्हणालो. (देवा, कुणीतरी माझं तोंड धरायला हवं होतं!) "कॉम्प्युटर खोटं बोलत नाही म्हणतात. त्यांनी आयुष्यात कॉम्प्युटर पाहिलेला नसणार!"

चाळीसगावला आम्ही सगळेच उतरलो. स्टेशनबाहेर त्यांनी नमस्कार केला आणि आम्ही टांगा केला.

घरी भास्करराव आधीच जीपने येऊन बसले होते. ओसरीत दोन टेबलं मांडली होती, एकावर त्यांचं विंडोज, दुसऱ्यावर माझं ओएस टू. अक्कांनी दोन्ही मशीनना हळदकुंकू लावलं. (माझ्या फ्लॉपीच्या फटीत चार अक्षता गेल्या. त्यातल्या दोन शेवटपर्यंत आतच राहिल्या.) मी वायरी जोडत होतो तेवढ्यात नाना म्हणाले, "या, या, पाहुणे!"

मी वळून बघितलं. दारात टोपीवाले गृहस्थ आणि चष्म्याचा तरुण.

मी वायरीसकट खाली बसलो. सुमननं कपाळावर हात मारला आणि तिथून निघूनच गेली. मी ठरवलं की आता बोलायचंच नाही. पाहुण्यांनी माझ्याकडे बघून शांतपणे नमस्कार केला, जणू आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होते. त्या शांतपणाची मला जास्त भीती वाटली.

"चालू करा," नाना म्हणाले.

भास्कररावांनी माऊस फिरवला, रंगीत चित्रं आली, संगीतही वाजलं. प्रोग्राम सुरू केला, तारीख टाकली. मंगळ नाही! ते माझ्याकडे बघून हसले. मग माझी पाळी. माझ्या हाताला इतका घाम आला होता की बटणं निसटत होती. मी तारीख टाकली. तीच तारीख, तीच वेळ, तेच गाव. पडद्यावर ओळी उमटल्या. कडक मंगळ! दारामागे वंदनाचा हुंदका ऐकू आला.

"वाचा मोठ्यानं," नाना म्हणाले.

मी वाचत गेलो. "जन्म... आषाढ महिना... ऋतू वर्षा..."

"काय वर्षा?" अक्का दारातून पुढे आल्या. "मन्ही वंदी आखाजीना टाईमले व्हयनी! झोका अजून निंबले टांगेल व्हता! इतलं ऊन व्हतं का मी जीव सोडी देती. पाऊस कोठून उना तवय?"

भास्कररावांच्या मशीनवर वैशाख होता. माझ्या मशीनवर आषाढ. माझ्या ओएस टूनं वंदनाला दोन महिने उशिरा जन्माला घातलं होतं!

चष्म्याचा तरुण उठून माझ्या खुर्चीमागे आला. पडद्याकडे बघितलं, मग हळूच विचारलं, "भाऊजी, हे बसवताना त्यानं देश विचारला असेल. तुम्ही कोणता दिलात?"

"देश?" मी म्हणालो. "मी... मी एंटर दाबलं."

"म्हणजे अमेरिका. तिकडे महिना आधी लिहितात आणि तारीख मागून. आपण सात पाच लिहिलं की आपल्याला सात मे वाटतो, त्याला पाच जुलै." मग तो भास्कररावांकडे वळला. "तुम्ही?"

भास्करराव जरा गडबडले. "यादीत भारत सापडला नाही. मी इंग्लंड घेतलं. म्हटलं, ओळखीचे तरी आहेत."

"म्हणून बरोबर आलं. विंडोजचाही काही संबंध नाही, ओएस टूचाही नाही. आमच्या कॉलेजात युनिक्स आहे, तिथेही देश चुकवला तर हेच होईल."

गेली कित्येक वर्षं आम्ही दोघांनी ज्या दोन सिस्टिमांसाठी एकमेकांची अब्रू काढली होती, त्या दोन्ही निर्दोष निघाल्या. आम्ही दोघे नुसतेच शेजारीशेजारी उभे राहिलो.

नानांनी चष्मा लावून पडदा जवळून बघितला. मग म्हणाले, "म्हंजे मन्ही पोरना मंगय अमेरिकामाईन उना?"

ओसरीत हशा पिकला. मी हसलो नाही, कारण टोपीवाले गृहस्थ हसत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. आता गाडीतलं सगळं बाहेर येणार म्हणून मी डोळे मिटले. (एंटर दाबताना मिटतो तसेच!)

"नाना," ते म्हणाले, "आम्हाला हे गाडीतच कळलं होतं. तुमच्या या जावयांनीच सांगितलं. मी आयुष्यात कॉम्प्युटर पाहिलेला नाही, हेही त्यांनीच सांगितलं."

नानांच्या भुवया वर गेल्या. इतक्या वर मी त्या कधीच पाहिल्या नव्हत्या. माझं आता काही खरं नव्हतं.

"मी पाचोऱ्याला परतच जाणार होतो," गृहस्थ पुढे म्हणाले. "पण मुलगा म्हणाला, बाबा, ज्या घरचा जावई गाडीत भेटलेल्या कुणालाही घरातलं सगळं सांगून टाकतो, त्या घरात लपवालपवी कसली असणार? मला ते पटलं. धोंडा सरला की सुपारी फोडू."

दारामागे बांगड्या वाजल्या. अक्का साखर आणायला धावल्या. मला इतकं हायसं वाटलं की मी त्याच टेबलाला टेकून चक्क रडलो. भास्कररावांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि कानाशी म्हणाले, "तरी पण विंडोजच बरोबर आलं, हे लक्षात ठेवा."

वंदनाचं लग्न थाटात झालं आणि आम्हाला तिसरा साडू मिळाला. हा तिसरा साडू कधी वाद घालत नाही. आम्ही भांडायला लागलो की नुसता विचारतो, "देश बघितलात का?" ओएस टू पुढे हळूहळू सगळीकडून नाहीसं झालं. खानदेशातून ते गेल्याचं मला लगेच कळलं, कारण ते फक्त माझ्याच घरी होतं.

मग पुढचा धोंडा आला. नानांनी आम्हा तिघांना जेवायला बोलावलं. वाण देताना त्यांनी थोरल्या जावयाला घड्याळ दिलं. धाकट्याला बोलावून दुकानात नवा कॉम्प्युटर घ्यायचं काम त्याच्यावर सोपवलं. मग माझ्यापुढे एक लांबट गुंडाळी आली. मी घाबरत घाबरत सोडली. भिंतीवर लावायचं कॅलेंडर होतं.

"जवाईबापू," नाना गंभीरपणे म्हणाले, "आते तारीख याम्हाच देखत जा."

मी वाकून नमस्कार केला आणि कॅलेंडर उघडून बघितलं. जानेवारी ते एप्रिलची पानं आधीच फाडलेली होती. सरलेले महिनेसुद्धा माझ्या हाती द्यायला नाना घाबरले होते!